बॅकलिंक मिळाली, पण सर्च इंजिनला ती दिसत नाही? या चुका टाळा

माल पुरवणाऱ्या कंपनीच्या विक्रेत्यांच्या पानावर, व्यापारी संघटनेच्या सदस्ययादीत किंवा एखाद्या लेखात छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटची लिंक (म्हणजेच बॅकलिंक) येते, मालक ती उघडून पाहतो, आणि महिना उलटला तरी गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे वेबसाइटमालकांसाठी असलेल्या गूगलच्या साधनात, तिचा मागमूस नसतो. अशा वेळी ‘लिंक इंडेक्स करून घ्यायला हवी’ असा विचार मनात येतो आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात. सर्च इंजिन सुट्या लिंकची नोंद घेत नाही. त्याचा क्रॉलर, म्हणजे वेबवरची पाने आपोआप वाचणारा प्रोग्राम, पान वाचतो, ते पान इंडेक्समध्ये, म्हणजे सर्च इंजिनच्या नोंदसंग्रहात, ठेवण्याजोगे वाटले तर ठेवले जाते, आणि वाचताना सापडलेल्या लिंक्स त्याबरोबर हिशेबात धरल्या जातात. त्यामुळे शोध घ्यायचा तो लिंक ज्या पानावर आहे त्या पानाचा.

अहवालात नाही म्हणजे लिंकच नाही, असे समजणे

सर्च कन्सोलमधील लिंक्सचा अहवाल संपूर्ण नसतो. तो नमुन्यादाखल यादी देतो, त्यातील तक्ते जास्तीत जास्त 1,000 ओळींचे असतात आणि नव्या लिंक्स तेथे उशिरा उमटतात. शिवाय त्यात नोफॉलो लिंक्सही (‘या लिंकला महत्त्व देऊ नये’ अशी खूण असलेल्या) दिसतात, म्हणजे अहवालात नाव आले एवढ्यावरून तिचा क्रमवारीसाठी उपयोग होतो असेही ठरत नाही. एसईओची, म्हणजे शोधनिकालांत वेबसाइट वर आणण्याच्या कामाची, विकतची साधने स्वतःच्या क्रॉलरने वेब धुंडाळतात. त्यांना लिंक सापडली याचा अर्थ गूगललाही सापडली असा होत नाही, आणि याच्या उलटही खरे आहे.

खरी तपासणी साधी आहे. ज्या पानावर आपली लिंक आहे त्याचे शीर्षक किंवा त्यातील एखादे वेगळे वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावे. ते पान निकालांत आले, तर ते इंडेक्समध्ये आहे आणि वाट पाहण्यापलीकडे फारसे काही करण्याची गरज नाही. आले नाही, तर चौकशी पुढे न्यावी. सर्च कन्सोलमधील यूआरएल तपासणीचे साधन येथे उपयोगी पडत नाही, कारण ते फक्त आपल्या मालकीची सिद्ध झालेली वेबसाइट तपासते. दुसऱ्याच्या पानासाठी इंडेक्सिंगची विनंती तेथून करता येत नाही.

लिंक असलेले पान क्रॉलरच्या नजरेने न पाहणे

माझ्या मते सर्वाधिक लिंक्स येथेच वाया जातात. एक नेहमीचे उदाहरण घेऊ. पुरवठादार कंपनीच्या वेबसाइटवर ‘आपल्या जवळचा विक्रेता शोधा’ असे पान असते. तेथे एका चौकटीत शहर निवडले, की खाली विक्रेत्यांची नावे व लिंक्स उमटतात. आपल्याला आपले नाव दिसते, कारण आपण शहर निवडलेले असते. क्रॉलर साधारणपणे चौकटीत पर्याय निवडत नाही, बटण दाबत नाही. त्याच्यापुढे येते ते रिकामे पान. ती लिंक वर्षभर तशीच राहिली तरी सर्च इंजिनच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नसते. अशा वेळी कंपनीला पत्र लिहून प्रत्येक शहराच्या विक्रेत्यांचे स्वतंत्र पत्ता असलेले साधे पान करण्याची, आणि त्या पानांना मुख्य पानावरून लिंक देण्याची विनंती करावी. त्यात कंपनीचाही फायदा असतो, म्हणून ही विनंती बहुधा ऐकून घेतली जाते.

बाकीची कारणे पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडला की सापडतात. ब्राउझरमध्ये पानावर उजवी क्लिक करून सोर्स पाहावा आणि त्यात ‘नोइंडेक्स’ (noindex) हा शब्द इंग्रजी अक्षरांत शोधावा. तो क्रॉलरला सूचना देणाऱ्या रोबोट्सच्या मेटा टॅगमध्ये असेल, तर ते पान निकालांत येणार नाही, आणि ही स्थिती दीर्घकाळ राहिली तर त्यावरच्या लिंक्सही गूगल हिशेबातून काढते. ही सूचना सोर्सऐवजी सर्व्हरच्या हेडरमधूनही दिली जाऊ शकते. त्यानंतर आपली लिंक नेमकी कशी लिहिली आहे ते पाहावे. गूगल खात्रीने ओळखते ती ‘ए’ टॅगमधील ‘एचरेफ’मध्ये (a href) पत्ता असलेली लिंक; केवळ क्लिक केल्यावर जावास्क्रिप्टने उघडणारा मजकूर माणसाला लिंक वाटतो, पण क्रॉलरला तो लिंक म्हणून वाचता येईलच असे नाही. रोबोट्स फाइलने (कोणती पाने वाचू नयेत हे क्रॉलरला सांगणाऱ्या) अडवलेले किंवा लॉगिनच्या आड असलेले पान तर क्रॉलर वाचूच शकत नाही. शेवटी, त्या वेबसाइटच्या इतर कोणत्याही पानावरून या पानाकडे वाट आहे का तेही पाहावे. कोठूनच न जोडलेले पान साइटमॅपमध्येही (वेबसाइटच्या पानांच्या यादीतही) नसेल, तर ते सापडणार कसे?

घाईपोटी इंडेक्सिंगच्या सेवा विकत घेणे

काही दिवसांत सर्व बॅकलिंक्स इंडेक्स करून देऊ, असे सांगणाऱ्या सेवांपासून छोट्या व्यावसायिकाने कटाक्षाने दूर राहावे. त्यांतील अनेक सेवा आपल्या लिंककडे नेणारी निकृष्ट पाने मोठ्या संख्येने तयार करतात. गूगलने 2012 मध्ये पेंग्विन अपडेट आणले ते अशाच बनावट लिंक्सविरुद्ध, आणि डिसेंबर 2022 पासून स्पॅमब्रेन ही त्याची यंत्रणा लिंक विकत घेणाऱ्या व विकणाऱ्या दोन्ही प्रकारच्या वेबसाइट्स ओळखण्यासाठी वापरली जाते. काही सेवा गूगलच्या इंडेक्सिंग एपीआयचा, म्हणजे पाने थेट गूगलला कळवण्याच्या सोयीचा, आधार घेतात, पण ती सोय नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांपुरतीच आहे. साइटमॅप ‘पिंग’ करण्याची, म्हणजे तो बदलल्याचे गूगलला कळवण्याची, जुनी युक्ती गूगलने 2023 मध्ये बंद केली. बदललेली पाने सर्च इंजिनला कळवणारी इंडेक्सनाउ ही व्यवस्था बिंग व यांडेक्स या सर्च इंजिनांनी 2021 मध्ये आणली. ती प्रामाणिक आहे, पण ती आपल्या स्वतःच्या पानांसाठी असते.

नोफॉलो दिसताच लिंकमालकाच्या मागे लागणे

नोफॉलो 2005 पासून वापरात आहे. सप्टेंबर 2019 मध्ये गूगलने त्याच्या जोडीला ‘स्पॉन्सर्ड’ (पैसे देऊन मिळवलेल्या लिंकसाठी) आणि ‘यूजीसी’ (वापरकर्त्यांनी लिहिलेल्या मजकुरातील लिंकसाठी) या खुणा आणल्या आणि नोफॉलोकडे आदेश म्हणून न पाहता संकेत म्हणून पाहण्याचे जाहीर केले. पैसे देऊन मिळवलेल्या लिंकवर अशी खूण असणेच योग्य आहे. ती काढून घेण्याचा आग्रह धरणे म्हणजे स्वतःहून नियमभंगाकडे जाणे होय.

स्वतःच्या घरातील दार बंद ठेवणे

लिंक सापडली, वाचली गेली, पण ती ज्या पानाकडे नेते तेच पान काढून टाकलेले असेल, तर तिचा लाभ कोणालाच मिळत नाही. वेबसाइट नव्याने बांधताना हे वारंवार घडते: पत्ते बदलतात आणि जुन्या लिंक्स 404 वर (‘पान सापडले नाही’ या संदेशावर) जाऊन आपटतात. प्रत्येक जुना पत्ता त्याच विषयाच्या नव्या पानाकडे 301 रीडायरेक्टने (पत्ता कायमचा बदलल्याचे सांगणाऱ्या) वळवावा आणि ते रीडायरेक्ट किमान वर्षभर, शक्य असल्यास कायम ठेवावे. सगळे जुने पत्ते मुख्य पानाकडे वळवू नयेत. विषयाचा संबंध नसेल तर गूगल असे पान अनेकदा हरवलेलेच मानते. आपल्या पानावरचा कॅनॉनिकल टॅग (पानाचा मूळ पत्ता कोणता ते सांगणारी खूण) चुकून भलत्याच पत्त्याकडे दाखवत असेल, तर लिंकचे श्रेयही तिकडेच जाऊ शकते. या सगळ्या गोष्टी पूर्णपणे आपल्या हातात आहेत, म्हणून दुसऱ्याला पत्र लिहिण्याआधी त्या तपासाव्यात.

एवढे सगळे ठीक असेल, तर थांबावे. क्रॉलिंगला काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात. त्या पानाचा उल्लेख आपल्या वेबसाइटवर करण्यासारखा असेल, उदाहरणार्थ आपल्या कामावरचा लेख असेल, तर ‘आमच्याविषयी’ या पानावरून त्याला लिंक द्यावी. क्रॉलरला तेथे पोहोचण्याची ती एक सरळ वाट असते. मात्र पान वाचूनही सर्च इंजिनने ते इंडेक्समध्ये घेतले नसेल, कारण त्यात केवळ शेकडो नावांची जंत्री आहे आणि वाचण्यासारखे काही नाही, तर त्या लिंकचा पाठपुरावा सोडून द्यावा. डिसअव्हाउ साधनाने ती नाकारण्याचीही गरज नाही. ते साधन प्रामुख्याने लिंक्सबद्दल गूगलची कारवाई झाली असेल किंवा होण्याची शक्यता असेल अशांसाठी आहे.