बन्सी गव्हावर प्रबंध करायचाय? आधी बियाण्याकडे बघा

कृषी पदव्युत्तरला वनस्पती पैदास विषय मिळाला आणि मार्गदर्शकांनी बन्सी गव्हाच्या जुन्या-नव्या वाणांतली विविधता हा विषय दिला, की मुलं थेट डीएनए काढायच्या तयारीला लागतात. माझं गाव सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं, प्रबंधही याच विषयावर झाला. नवीन मुलं भेटायला आली की मी आधी एकच विचारते: बी कुठून आणलंस आणि कसं आणलंस?

थोडी पार्श्वभूमी. बन्सी म्हणजे ड्युरम, रवा-शेवयांचा कठीण गहू, 28 गुणसूत्रांचा. चपातीचा सरबती 42 गुणसूत्रांचा. आपल्या कृष्णाकाठची खपलीही 28 चीच, पण मळणीत ती तूस सोडत नाही, कांडावी लागते. नावावर विसंबू नका, रानात उतरून बघा. ओंबीच्या लगेच खालची काडी ब्लेडने आडवी कापा. बन्सीची बहुधा भरीव निघते, सरबतीची पोकळ.

आता मुख्य गोष्ट. घरात पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं बी म्हणजे एक शुद्ध वाण नसतो, तो मिश्र समूह असतो. माण-खटावकडच्या जिरायत रानात एकाच वाफ्यात काळ्या कुसळाची ओंबी दिसते, शेजारी पांढऱ्या कुसळाची. एकीच्या तुसावर बारीक लव, दुसरीचं तूस गुळगुळीत. गहू स्वपरागित आहे, म्हणजे स्वतःच्याच परागाने दाणा धरतो, त्यामुळे एकेका झाडाची संतती जवळपास सारखीच निघते आणि फरक झाडाझाडांत राहतो. सगळ्या ओंब्या एका पिशवीत मळल्या आणि एका रोपाचं पान घेऊन डीएनए काढला, तर वाणाच्या पोटातली विविधता तुमच्या तक्त्यात येणारच नाही. म्हणून एक ओंबी, एक पाकीट, पुढे एक ओळ. बी थोडं असतं, प्रत्येक ओळ पुन्हापुन्हा पेरता येत नाही. अशा वेळी ऑगमेंटेड डिझाइन ही प्रयोगाची मांडणी घ्या, त्यात फक्त तुलनेचे वाण प्रत्येक ब्लॉकमध्ये, म्हणजे रानाच्या प्रत्येक तुकड्यात, पुन्हा येतात.

बी घेताना घरातल्या बायकांशी बोला. एका आजींनी दाणा दाताखाली धरून कडकन फोडला आणि आतला काचेसारखा भाग दाखवला. असाच दाणा रव्याला आणि शेवयांना चालतो, पांढरा पिठूळ नको. प्रयोगशाळेत आपण दाणे ब्लेडने कापून हेच मोजतो. पण नत्र कमी पडलं तर त्याच वाणाचे दाणे पिठूळ होतात. खताची नोंद नसेल तर तो फरक जनुकाच्या नावावर लिहू नका.

जुनं विरुद्ध नवं अशी भांडणं लावणारे पुष्कळ भेटतील. जुना बन्सी उंच वाढतो, पाणी आणि युरिया दिला की लोळतो. नव्या वाणांत नोरिन 10 या जपानी गव्हातून आलेलं बुटकेपणाचं जनुक आहे, म्हणून ते खत पचवतात. दोन्ही फक्त बागायतात पेरून जुन्याला नापास करणं मला मान्य नाही. जिरायत पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, बागायत नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, असे दोन्ही प्रयोग लावा.

उलट बाजूही तितकीच खरी. 2019 मध्ये स्वेवो या इटालियन ड्युरम वाणाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. रानटी गव्हापासून आजच्या ड्युरमपर्यंत येताना विविधता आक्रसत गेल्याचं त्यातून दिसलं. पण म्हणून नवा वाण सत्त्वहीन ठरत नाही. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या एमएसीएस 4028 या बन्सी वाणात 14.7 टक्के प्रथिनं आहेत, जस्त 40.3 आणि लोह 46.1 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग. जुन्या वाणाची प्रथिनं जास्त भरली तर त्याचं उत्पादनही शेजारी लिहा, कारण दाणे कमी भरले की प्रथिनांची टक्केवारी आपोआप चढते. आमच्याच तालुक्यातल्या करंजखोपमध्ये ‘लोक 1’, ‘एचडी 2189’ असे जुने वाण हेक्टरी 25 ते 30 क्विंटल देत. एमएसीएस 6478 आल्यावर 45 ते 60 क्विंटल निघाले. हा सरबती आहे, बन्सी नव्हे, पण शेतकऱ्याचा हिशोब तुम्हाला माहीत हवा.

तांबेऱ्याच्या, म्हणजे गेरवा रोगाच्या, नोंदी पुस्तकातून शिकता येत नाहीत. महाबळेश्वरचं गहू गेरवा संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. मार्गदर्शकांचं पत्र घेऊन जा आणि पानावरचे फोड नुसते टक्क्यांत न मोजता कोणत्या प्रकारचे आहेत तेही ओळखायला शिका.

पाकिटावर गाव, जमीन, पाणी, घरातला वापर आणि शेतकऱ्याची संमती नोंदवा. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकरी स्वतःचा वाण स्वतःच्या नावावर नोंदवू शकतो, हे त्यांना जरूर सांगा. अर्ज भरायला तुमचीच मोजमापं उपयोगी पडतील. आणि वाढवलेल्या बियाण्यातला वाटा ऑक्टोबरच्या पेरणीआधी त्यांच्या घरी पोहोचवा.