पिट्सबर्गला आलात, तर पिट्सबर्गमध्ये राहा

ऑगस्ट उजाडला की भारतातून इथे अमेरिकेत, पिट्सबर्गला शिकायला आलेली नवी मुलं भेटतात आणि निम्म्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "दोन वर्षं काढायची, मग कॅलिफोर्निया." मला ते लागतं. मी सोलापुरात वाढलो. आमच्याकडेही बारावी झालेला प्रत्येक मुलगा पुण्याकडे डोळे लावून बसलेला असायचा, आणि बाहेरचा माणूस सहज विचारून जायचा, "सोलापुरात आहे काय?" तेव्हा पोटात जे व्हायचं, तेच आता पिट्सबर्गबद्दल कोणी असं बोललं की होतं. इथे येऊन मला बावीस वर्षं झाली, मुलगी इथेच जन्मली. हे मार्गदर्शन या गावावर जीव असलेल्या माणसाचं आहे, एवढं धरून वाचा.

विमानतळावरून २८ एक्स क्रमांकाची बस डाउनटाउनमार्गे ओकलंडला येते, म्हणजे पिट (युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग) आणि सीएमयू (कार्नेगी मेलन) या दोन्ही मोठ्या विद्यापीठांच्या दारात. पण कोणी गाडी घेऊन घ्यायला येणार असेल, तर त्याला फोर्ट पिटच्या बोगद्यातून आणायला सांगा. डोंगराच्या पोटातला हा बोगदा जिथे संपतो, तिथेच पूल सुरू होतो, आणि अख्खं शहर एका क्षणात समोर उभं राहतं. खाली मोनोंगाहेला, पलीकडून येणारी अलेघेनी, आणि डाव्या हाताला कारंजापाशी दोघींचा संगम होऊन निघालेली ओहायो. कुडलला भीमा-सीनेचा संगम पाहिलेल्याला इथे हात जोडावेसे वाटतात. पिवळ्याधमक रंगाचे पूल मोजू नका. शहरात सगळे मिळून ४४६ पूल असल्याचं सांगतात.

घराचं बोलू. विद्यार्थ्यांनी ओकलंड, स्क्विरल हिल, शेडीसाइड, ग्रीनफील्ड इथे बघावं. भाडेकरार बहुतेक ऑगस्टमध्ये सुरू होतात, म्हणून जुलैत शोधायला लागलात तर उरलंसुरलं पदरात पडतं. कुटुंबवाले मनरोव्हिल, ग्रीन ट्री, वेक्सफर्ड, क्रॅनबेरीकडे जातात; तिथे गाडीशिवाय चालत नाही. घर घेण्याआधी एकदा तिथवर पायी जाऊन या, कारण नकाशा इथे फसवतो. हे गाव डोंगरावर आणि दऱ्यांत वसलेलं आहे. नकाशावर रस्ता म्हणून दिसणारी रेघ कित्येकदा रस्ता नसतेच, जिना असतो. असे ७००हून जास्त सार्वजनिक जिने शहरात आहेत. कारखान्यातला कामगार डोंगरावरच्या घरातून उतरून नदीकाठच्या पोलादाच्या मिलमध्ये जायचा, त्याच्यासाठी ते बांधले गेले. बीचव्ह्यूमधल्या कॅन्टन अ‍ॅव्हेन्यूचा चढ तर ३७ टक्के आहे. सामानाच्या पिशव्या घेऊन हिवाळ्यात असला चढ रोज चढायचा का, हे सही करण्याआधी ठरवा.

जुन्या विटांच्या घरात राहायला गेलात तर तळघरात भिंती नसलेला, उघडाच मांडलेला एक संडास दिसेल. आमच्याकडे आलेली बहुतेक मुलं तो पाहून हसतात. जुने लोक सांगतात की मिलमधून काजळीनं माखलेला माणूस पुढच्या दारानं घरात यायचा नाही. तळघराच्या दारानं आत जायचा, तिथेच अंग धुवायचा आणि मग वर जेवायला जायचा. माझे वडील सोलापुरात मिलमध्ये होते. ते घरी आले की आधी न्हाणीघरात जात आणि आई तोवर त्यांच्या कपड्यांवरचे कापसाचे तंतू झटकत असे. म्हणून मला त्या तळघरातल्या संडासाचं हसू येत नाही.

बसचं सोपं आहे. पिट आणि सीएमयूच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर बस फुकट आहे. फुकट असल्यामुळे एक शनिवार नुसता बसमध्ये घालवा, शेवटच्या थांब्यापर्यंत जा. गाडी चालवायला लागलात की 'पिट्सबर्ग लेफ्ट' कळेल: सिग्नल हिरवा होताच डावीकडे वळणारी समोरची पहिली गाडी तुमच्या आधी वळून जाते. कायद्यात हे बसत नाही, पण अरुंद रस्त्यांवर मागची रांग तुंबू नये म्हणून लोक एकमेकांना वाट देत आले आहेत. तुम्ही स्वतः असं वळू नका. मात्र समोरचा वळला तर चिडून हॉर्न वाजवू नका.

हिवाळ्याची भीती थंडीपेक्षा ढगांची जास्त वाटते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आभाळ करडं राहतं, आठवडा आठवडा ऊन नाही, आणि त्यानं माणूस आतून विझत जातो. संध्याकाळी खोलीत एकटं बसू नका, हे मी सगळ्या मुलांना सांगतो. फिप्स कॉन्झर्व्हेटरी हे १८९३ सालचं काचेचं उद्यान आहे; जानेवारीत तिथल्या ओल्या, उबदार मातीचा वास घेतला की बरं वाटतं. कार्नेगी लायब्ररीच्या दारावर 'फ्री टू द पीपल' असं कोरलेलं आहे आणि ते खरं आहे. बर्फ थांबल्यावर चोवीस तासांत घरासमोरची पायवाट साफ करणं ही घरात राहणाऱ्यांची जबाबदारी असते. रस्त्यावर मोकळ्या केलेल्या जागेत एखादी जुनी खुर्ची ठेवलेली दिसली तर तिथे गाडी लावू नका. ज्यानं तासभर बर्फ उपसला, त्यानं ती जागा धरून ठेवली आहे. आमच्या पहिल्या हिवाळ्यात मी कामावरून येईपर्यंत शेजारच्या म्हाताऱ्यानं आमचीही पायवाट साफ करून ठेवली होती. आभार मानायला गेलो, तर त्याला ते आवडलं नाही. शेजारी म्हणून राहतोय, त्यात आभार कसले, असं त्याचं म्हणणं.

त्याच शेजाऱ्याकडून मी इथली बोली शिकलो. 'यिन्झ' म्हणजे तुम्ही सगळे. वाक्याच्या शेवटी 'एन-अ‍ॅट' म्हणजे वगैरे. निसरडं ते 'स्लिपी', घर आवरणं ते 'रेड अप', भोचक माणूस 'नेबी'. काही नवी मुलं या बोलीला गावंढळ म्हणतात, तेव्हा मला पुण्यातले माझे कॉलेजचे दिवस आठवतात. "काय करलालास बे?" असं तोंडून निघालं की वर्गात हशा व्हायचा आणि मी सहा महिन्यांत ते 'बे' गिळून टाकलं. त्याचं आजही वाईट वाटतं. इथल्या माणसानं 'यिन्झ' गिळलं नाही. तो ते टी-शर्टवर छापून घालतो. शहराच्या इंग्रजी नावातलं शेवटचं 'एच' हे अक्षर सरकारनं एकदा काढून टाकलं होतं, तर लोकांनी १९११ साली तेही परत मिळवलं.

अमेरिकन फुटबॉलचं वेड लागो न लागो, इथल्या स्टीलर्स संघाच्या सामन्याच्या दिवशी काळा-पिवळा शर्ट घाला आणि हातात 'टेरिबल टॉवेल' धरा. टेरी टॉवेलच्या गावातून आलेल्या मला साठ हजार माणसं टॉवेल फिरवताना पाहून पहिल्यांदा भरून आलं होतं. १९७५ साली मायरन कोप या समालोचकानं हा टॉवेल सुरू केला. पुढे त्यानं त्याचे हक्क अलेघेनी व्हॅली स्कूलला देऊन टाकले. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची काळजी घेणारी ही संस्था, आणि त्याचा मुलगा तिथे राहत होता. प्रत्येक टॉवेलमागे संस्थेला पैसे जातात. म्हणून नकली टॉवेल घेऊ नका.

देवळाचं विचारतात सगळे. पेन हिल्सच्या टेकडीवरचं व्यंकटेश्वराचं पांढरं मंदिर १९७० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांपैकी एक आहे. खालच्या उपाहारगृहात चिंचेचा भात मिळतो. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू विणकरांच्या शेजारी वाढलेल्या माणसाला तिथली भाषा परकी वाटत नाही. मनरोव्हिलला हिंदू-जैन मंदिर आहे. गणपतीला, दिवाळीला मराठी मंडळाचा कार्यक्रम असतो, तिथे नुसतं जेवायला येऊ नका, खुर्च्या मांडायला लवकर या. ओळखी तिथेच होतात. पण सगळे शनिवार-रविवार आपल्याच माणसांत घालवू नका, ही कळकळीची विनंती आहे. इथल्या लग्नात 'कुकी टेबल' असतं: वधू-वरांच्या मावश्या, आत्या, शेजारणी घरी केलेल्या बिस्किटांनी टेबल भरून टाकतात. शेजाऱ्याच्या नातीच्या लग्नात आम्ही शंकरपाळे नेले होते. सगळ्यांत आधी तेच संपले.

आता जे मला मुळात सांगायचं आहे ते. तुम्ही ज्या पिट्सबर्गला आलात ते रोबोटचं, संगणकाचं, इस्पितळांचं पिट्सबर्ग. सीएमयूत १९७९ साली रोबोटिक्स इन्स्टिट्यूट निघालं. पिट विद्यापीठात जोनास साल्कनं पोलिओची लस शोधली. गूगलचं कार्यालय ज्या बेकरी स्क्वेअरमध्ये आहे, तिथे पूर्वी नॅबिस्कोचा बिस्किटांचा कारखाना होता. यू. एस. स्टीलच्या चौसष्ट मजली टॉवरवर आज एका इस्पितळाची अक्षरं झळकतात. हेझलवूडला जुन्या मिलचा लोखंडी सांगाडा तसाच ठेवून वर सौर पॅनेल घातली आहेत, आत रोबोटवर संशोधन चालतं. हे सगळं खरं आहे आणि अभिमानाचं आहे. मीही अशाच एका नोकरीसाठी आलो.

पण १९५० साली या शहरात पावणेसात लाख माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत तीन लाख उरली. ऐंशीच्या दशकात एकामागून एक मिल बंद झाल्या. जे गेले ते टेक्ससला, फ्लोरिडाला गेले. जे राहिले त्यांनी घरं राखली, चर्च राखलं, जिने राखले, नात्यातल्या लग्नांत बिस्किटं नेली. तुम्ही येईपर्यंत हे गाव त्यांनी उभं ठेवलं. आणि उभारीत सगळ्यांना वाटा मिळाला असंही नाही. हिल डिस्ट्रिक्टमधून पन्नासच्या दशकात 'नवं शहर' बांधण्यासाठी सुमारे आठ हजार माणसं हलवली गेली, बहुतेक कृष्णवर्णीय. ईस्ट लिबर्टीत आज काचेच्या इमारतीत चकचकीत फ्लॅट मिळतो, तिथून भाडं परवडेना म्हणून उठून गेलेली कुटुंबं फार लांब नाहीत. फ्लॅट घ्या, चुकीचं काही नाही. फक्त "आम्ही आलो म्हणून हे गाव सुधारलं" असं म्हणू नका.

पोलादही संपलेलं नाही. ब्रॅडकचा एडगर थॉमसन कारखाना १८७५ पासून चालू आहे. मोनोंगाहेलाच्या खोऱ्यात काही सकाळी हवा कोंडते आणि गंधकाचा वास येतो. दमा असेल तर हवेची नोंद बघून बाहेर पडा.

पहिल्या महिन्यात होमस्टेडच्या वॉटरफ्रंटला जालच, कारण स्वस्त सामान तिथे मिळतं. दुकानांच्या मध्ये विटांच्या बारा चिमण्या एका ओळीत उभ्या आहेत. १९८६ साली बंद झालेल्या पोलादाच्या मिलमधल्या त्या राखल्या आहेत. आई इथे आली होती तेव्हा शेजाऱ्याला बरोबर घेऊन आम्ही तिथे गेलो. त्यानं त्या मिलमध्ये बारा वर्षं काढली होती. आईनं मान वर करून चिमण्या मोजल्या आणि मला म्हणाली, "विचार त्याला, भोंगा किती वाजता व्हायचा." मी विचारलं. सात, तीन, अकरा, तो म्हणाला, आणि सातच्या पाळीला आम्ही 'डेलाइट' म्हणायचो. मी आईला सांगितलं, "पहिली पाळी." "मग डबा सहालाच," आई म्हणाली. त्यालाही मी ते सांगितलं. त्यानं मान हलवली आणि त्याची बायको किती वाजता उठायची ते सांगायला लागला.