घरात दुखणं आलं की येशूला कसं धरून राहायचं

तीन वर्षांपूर्वी कापसाच्या पहिल्या वेच्यात ह्यांना लकवा मारला. सकाळी ओटी भरता भरता उजव्या हातातला कापूस खाली पडला, तो उचलायला वाकले आणि तिथंच पऱ्हाटीच्या ओळीत बसले. मी हाक मारली तर तोंडातून नुसता आवाज आला, शब्द नाही. तेव्हापासून आमच्या ओसरीत एक बाज कायमची आहे. इथं जे लिहिते आहे ते त्या बाजेशेजारी बसून शिकलेलं आहे.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. तीन एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस, दीड एकर सोयाबीन, ते निघालं की त्याच वावरात हरभरा. गावात ख्रिस्ती घरं सहा. चर्च सात किलोमीटरवर, आणि पास्टर महिन्यातून दोन रविवार येतात. बायकांची प्रार्थनासभा आमच्या ओसरीत होते, तिथं बहिणी विचारतात, "ताई, एवढ्या दुखण्यात तुमचा विश्वास टिकला कसा?" खरं सांगते, तो टिकला नाही. दोनदा तरी पार संपला होता. मला धरून ठेवलं ते येशूनं. म्हणून विश्वास वाढवायचा कसा, हे मी सांगू शकत नाही. नजर भरकटली की ती पुन्हा त्याच्याकडे कशी वळवायची, तेवढं सांगते.

आधी आपली नजर कुठं गेली आहे ते ओळखा. पहिले सहा महिने मी प्रार्थना खूप केली, पण ती सगळी हातासाठी होती. उठता बसता ह्यांचा उजवा हात. बोट हललं का, मूठ वळली का. प्रभूला सांगायची, हात हलू दे, मंडळीसमोर साक्ष देईन, पहिल्या वेच्याचा सगळा कापूस दानार्पणात देईन. एका रात्री माझं मलाच कळलं, की हा नवस आहे. नारळ नाही, कोंबडा नाही, एवढाच फरक. येशू मला हवाच नव्हता, हात हवा होता, आणि येशू तो हात देणारा दुकानदार. हात मागू नये असं मी म्हणत नाही. मी आजही मागते. पण मागून झाल्यावर मी आणखी पाच मिनिटं तिथंच बसते, काही न मागता. ती पाच मिनिटं सुरुवातीला फार जड गेली.

पंडिता रमाबाईंचं मला ह्या बाबतीत फार आठवतं. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा पटकीनं गेला. 1883 साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण पुढं त्यांनीच सांगून ठेवलं आहे, की त्यांना आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो काही वर्षांनी सापडला. एवढी संस्कृत शिकलेली, शास्त्र जाणणारी बाई हे कबूल करते, तर आपल्याला कबूल करायला लाज कसली? ह्याच रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. नागपूर तेव्हा त्याच मध्य प्रांतात होतं.

आता वाचायचं कसं. दुखण्यात सगळं बायबल वाचायला घेऊ नका, डोकं चालत नाही. त्यातलं मार्ककृत शुभवर्तमान घ्या, म्हणजे मार्कनं लिहिलेली येशूची गोष्ट. सोळाच अध्याय आहेत. रोज एकच प्रसंग, मोठ्यानं, दोनदा. वाचून झालं की एकच प्रश्न विचारायचा: इथं येशूनं काय केलं? मला काय शिकायला मिळालं, हा प्रश्न नंतरचा. येशू कुठं उभा होता, कोणाला हात लावला, कोणाकडे पाहिलं, दमला होता का. वादळ आलं तेव्हा तो नावेत उशीवर डोकं ठेवून झोपला होता, हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण तो दिवसभर बोलून इतका थकला असेल की वादळातही जाग आली नाही, हे मला दवाखान्याच्या व्हरांड्यात पोत्यावर झोपले तेव्हा कळलं.

आणि जो भाग वाचताना छातीत दुखतं, तो सोडून देऊ नका. मार्कचा दुसरा अध्याय मी वर्षभर चुकवला. त्यात चौघंजण एका लकव्याच्या माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळं दार मिळत नाही, म्हणून छप्पर उसकतात आणि बाज खाली सोडतात. येशू त्याला म्हणतो, ऊठ, बाज उचल, घरी जा. तो उठतो. मला ते वाचवत नव्हतं. त्याची बाज उचलली गेली, आमची ओसरीत तशीच. एकदा सभेत तोच भाग वाचायची पाळी आली. एका म्हाताऱ्या मावशीनं वाचला, अक्षर अक्षर लावत, फार हळू. त्या हळू वाचण्यामुळं मला एक वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं. येशूनं "त्यांचा" विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाचा विश्वास किती होता, तिथं लिहिलेलंच नाही. तो बोलतही नाही. उचलणाऱ्यांचा विश्वास होता. आणि येशू त्याला सगळ्यात आधी काय म्हणतो? "मुला." पायांचं नंतर. आधी मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली. त्या दिवशी मी घरी आले, ह्यांच्या बाजेजवळ बसले आणि मनात म्हटलं, ही बाजही त्याच्यासमोरच ठेवलेली आहे. उठणं अजून झालेलं नाही. पण समोर ठेवलेली आहे.

ह्यातूनच पुढचं आलं. विश्वास आटला की चार माणसांना सांगा. गुपचूप बसू नका. मी तीन बहिणींना स्पष्ट सांगितलं, की ह्या महिन्यात माझ्यानं प्रार्थना होत नाही, तुम्ही करा. एक जण रोज संध्याकाळी येऊन बाजेपाशी दोन मिनिटं उभी राहायची आणि जायची. कधी अंबाडीची भाजी आणायची, कधी रिकाम्या हातानं. मंडळीपुढं चांगला चेहरा घेऊन जाण्याची सवय मोडायला हवी. घरात आजारी माणूस असताना सात किलोमीटर जाणं होत नाही, ते मला ठाऊक आहे, पण प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा, रविवार चुकवू नका. त्या दिवशी आपल्याला काही बोलायचं नसतं, काही दाखवायचं नसतं. हात पुढं करायचा आणि घ्यायचं.

आता एक कठीण गोष्ट. त्या सकाळी आम्ही वेळ घालवला. लकवा आहे हे ओळखूनही आधी तेल चोळलं, प्रार्थना केली, मग कोणी सांगितलं म्हणून झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे गाडी वळवली. मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार टळली होती. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते तास निघून गेले होते. तुमच्याकडे कोणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर आधी गाडी काढा आणि प्रार्थना गाडीत करा. प्रभू गाडीतही ऐकतो.

त्या तासांचा हिशोब मी फार दिवस करत राहिले. त्यावर मला योहानकृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायानं वाट दाखवली. येशूला पकडून नेलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र कोळशाच्या शेकोटीजवळ उभा होता, आणि त्यानं येशूला तीनदा नाकारलं होतं. पुनरुत्थानानंतर येशू समुद्रकाठी कोळशाचाच विस्तव पेटवतो, त्यावर मासे भाजतो, आणि पेत्राला काही विचारण्याआधी म्हणतो, या, जेवा. मी रोज पहाटे पऱ्हाट्यांनी चूल पेटवते. पहिली काडी धरली की ती चूक मनात येतेच. तेव्हा मी त्याला मोठ्यानं म्हणते, "प्रभू, त्या दिवशी माझं चुकलं," आणि मग पहिली भाकर टाकते. तेवढंच. क्षमा मागितल्यावर पुन्हा तोच हिशोब काढून बसायचं नाही, भाकरी करायच्या. तुमच्याकडेही असा एखादा दिवस असेल. त्याला रोजच्या एखाद्या कामाशी बांधून टाका.

गावात लोक बोलतात. शेजारची एक बाई, मनानं वाईट नाही, मला म्हणाली, "काहीतरी चुकलं असन वो बाई तुमचं देवाजवळ, नाईतर असं काहून होईन?" आणि आपल्याच मंडळीतला एक जण म्हणाला की घरात लपवलेलं पाप असेल. अशा वेळी वाद घालू नका, पण ते मनातही घेऊ नका. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापाचं? येशू म्हणाला, ह्याचंही नाही, आईबापाचंही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती? नाही, असंच तो म्हणाला. शेतकऱ्याला तर त्याचं आणखी एक वाक्य पाठ असावं, की बाप नीतिमान आणि अनीतिमान दोघांच्या वावरावर पाऊस पाडतो. 2017 साली बोंडअळी आली तेव्हा तिनं आमच्या जिल्ह्यात कोणाच्या धुऱ्यावर थांबून जात, धर्म किंवा पाप विचारलं नाही.

गोळ्यांचं थोडक्यात. बीपीची गोळी बंद करा, विश्वास ठेवा, असं सांगणारी सभा असेल तर तिथून उठून या. येशू वैद्याचा वैरी नाही. निरोग्यांना वैद्याची गरज नसते, दुखणेकऱ्यांना असते, हे त्यानंच म्हटलं आहे. मी गोळी ह्यांच्या जिभेवर ठेवते तेव्हा त्याचं नाव घेऊन ठेवते.

प्रार्थनेचे शब्द खरे ठेवा. हिवाळ्यात आमच्या फीडरवर पाण्याच्या मोटारीची लाइन आठवड्याआड रात्रीची असते. बारा वाजता मी बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी फिरवायला जाते. पूर्वी हे जायचे. थंडीत फावड्यानं बारं फोडताना, अंगावर ह्यांचंच स्वेटर, मी मोठमोठ्या पुस्तकी शब्दांत प्रार्थना करू शकत नाही. मी म्हणते, "येशू, मला भीती वाटते. रानडुक्कर आहे. सोसायटीचं कर्ज आहे. मी थकले." एका रात्री म्हटलं, "तुला काळजी आहे का?" आणि म्हटल्यावर घाबरले. मग आठवलं, नावेत शिष्यांनी त्याला उठवून हेच शब्द वापरले होते. त्यानं आधी वारा शांत केला, मग त्यांना बोलला. नावेतून कोणालाच उतरवलं नाही.

आता ह्यांच्याबद्दल. लकव्याचा झटका मेंदूच्या डाव्या बाजूला बसला, म्हणून उजवं अंग आणि बोलणं दोन्ही गेलं. आज ते काठीनं मोरीपर्यंत जातात. हात छातीशी वाकलेलाच आहे. "पाणी" आणि "माय" असे दोन-तीन शब्द येतात. पण मागच्या नाताळाच्या आधी सभेत आम्ही टाळ घेऊन भजन धरलं, तर दुसऱ्या कडव्याला मागून पुरुषाचा आवाज आला. सगळ्या बायका थांबल्या. हे गात होते. शब्द पूर्ण, चाल बरोबर, डोळे मिटलेले. भजन थांबलं तसे शब्दही थांबले. मी विचारलं, "पुन्हा म्हणता का?" तर तोंडातून पुन्हा नुसता आवाज. डॉक्टरांनी सांगितलं, की असं होतं. बोलणं जातं, पण पाठ असलेलं गाणं डोक्याच्या दुसऱ्या बाजूच्या आधारानं पुष्कळांना म्हणता येतं, चमत्कार समजू नका. मीही तो चमत्कार समजले नाही. पण त्यांच्या तोंडून तीन वर्षांत जे पहिलं पुरं वाक्य निघालं, त्यात येशूचं नाव होतं. आता मी रोज संध्याकाळी दिवेलागणीला तेच भजन धरते, टाळ त्यांच्या डाव्या हाताला बांधते. म्हणून भजनं पाठ करून ठेवा, मुलांकडून करून घ्या. चांगल्या दिवसांत केलेलं पाठांतर वाईट दिवसांत कामी येतं.

सुरुवात आज रात्रीच करायची असेल तर मार्कचा पहिला अध्याय काढा. वाचता येत नसेल किंवा डोळे थकले असतील तर मोबाइलवर मराठी नवा करार ऐकायला मिळतो, पोराला लावून द्यायला सांगा. फोन मात्र दुपारीच चार्ज करून ठेवा, आमच्याकडे संध्याकाळी सातला लाइट जाते.