रानातली परजीवी माशी: केस सोडा, बाजूने बघा

"अंगभर राठ केस दिसले की टॅकिनिड समजा." टॅकिनिड म्हणजे दुसऱ्या किड्यांच्या अंगात अळी वाढवणाऱ्या परजीवी माश्यांचं कूळ. हा सल्ला इतक्यांदा ऐकलाय की आता मी नुसते हात जोडतो. झाडांवरच्या ढेकण्यांच्या पोटात वाढणारी जिम्नोसोमा अस्सल टॅकिनिड, पण पोट गोल, नारिंगी आणि जवळपास गुळगुळीत. उलट मांसमाशी, म्हणजे टॅकिनिडसारखी दिसणारी पण वेगळ्या कुळातली माशी, केसांनी भरलेली.

सकाळी झाडीच्या कडेला, ऊन आलेल्या पानांवर शोधा. जाळीत धरा, डबीत घाला, थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. पंख चार निघाले तर ती माशीच नव्हे.

मग पंखाची मधली लांब शीर बघा. टोकाजवळ ती पुढच्या कडेकडे वळायला हवी. मांसमाशीतही ती वळते, त्यामुळे एवढ्यावर नाव ठेवू नका.

आता खरी गोम. छातीच्या मागच्या टोकाला छोट्या ढालीसारखा भाग असतो, तो स्कुटेलम. त्याच्या खाली, सावलीत, टॅकिनिडला आणखी एक टपोरी उशी असते: सबस्कुटेलम. बाजूने पाहिलं की एकाखाली एक असे दोन फुगवटे दिसतात. मांसमाशीत खालचा फुगवटा नसतोच.

मी दोन हंगाम वरूनच बघत बसलो होतो. वरून ढाल सगळं झाकते, दिसणार काय? पेटीभर करड्या माशांना टॅकिनिडच्या चिठ्ठ्या लावल्या. छातीवर तीन काळे पट्टे, पोटावर बुद्धिबळाचा पट, म्हणजे निम्म्याहून जास्त मांसमाश्या! सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या.

तेव्हा दहापट भिंग घ्या, माशी आडवी धरा, उजेड मागून तिरपा पाडा. पंखाच्या मुळाशी पांढरट पाकळी असते, ती नेमकी आड येते. बारीक टाचणीने पंख पुढे सारा. कोशातून नुकतीच निघालेली मऊ माशी वाळली की आक्रसते, तिच्यावरून निकाल देऊ नका. फुगवटा अर्धवट वाटला तर रायनोफोरिडचा, म्हणजे टॅकिनिडसारख्याच दिसणाऱ्या आणखी एका कुळाचा, संशय घ्या.

फोटो काढायचा तर तोही बाजूने. वरून काढलेल्या सुंदर फोटोंचा मला काडीचा उपयोग नाही.

जातीपर्यंत जायची घाई नको. टॅकिनिडच्या आठ हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत, आणि नुसत्या फोटोवरून नाव सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा अंगावर पांढरी अंडी चिकटलेला सुरवंट सापडला तर खाद्यपानांसकट घरी पाळा. माशी बाहेर आली की रिकामा कोश फेकू नका. तिच्याच टाचणीवर लावा आणि सुरवंटाचं नाव चिठ्ठीवर लिहा.