व्हिडिओ डिलिव्हरीत नव्याने येताय? आधी कॅश शिका

स्ट्रीमिंगच्या कामात नवे आलेले बहुतेक जण कोडेकच्या (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतींच्या) मागे लागतात. मी त्यांना आधी एक गुणाकार करायला लावतो. एका प्रेक्षकाला ५ एमबीपीएस लागतात. १०,००० जण एकदम आले की ५० जीबीपीएस. त्यात प्रत्येक जण आपल्या सोयीने प्ले दाबणार, त्यामुळे सगळ्यांना एकच प्रवाह पाठवायचा मल्टिकास्टचा मार्ग इथे फारसा चालत नाही.

१९९० च्या दशकात यावर पिरॅमिड, स्कायस्क्रेपर अशा ब्रॉडकास्टिंगच्या पद्धती निघाल्या होत्या. चित्रपटाचा सुरुवातीचा भाग वारंवार पाठवायचा, पुढचे मोठे भाग कमी वेळा. वाचायला फार सुंदर आहेत, जरूर वाचा. पण इंटरनेटवर टिकलं ते साधं एचटीटीपी. एचटीटीपीवरून व्हिडिओ पाठवण्यासाठी ॲपलचं एचएलएस २००९ मध्ये आलं, त्याच कामाचं डॅश २०१२ मध्ये प्रमाणित झालं. दोन्हींत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा कुठल्याही एचटीटीपी कॅशमध्ये, म्हणजे वाटेत प्रती साठवून ठेवणाऱ्या सर्व्हरमध्ये, बसतो.

म्हणून हिट रेशो, म्हणजे १०० पैकी किती रिक्वेस्ट कॅशमधूनच भागतात ते, नीट समजून घ्या. ९५ टक्क्यांवरून ९९ वर जाणं किरकोळ वाटतं, पण ओरिजिनकडे (मूळ सर्व्हरकडे) जाणाऱ्या रिक्वेस्ट १०० मागे ५ वरून १ वर येतात, म्हणजे भार एक पंचमांश! आणि हा रेशो कोसळतो अगदी साध्या कारणाने: प्रत्येक प्रेक्षकाचं वेगळं टोकन (परवानगीची खूण) यूआरएलमध्ये जोडलेलं असतं. तुकडा तोच, पण कॅशच्या लेखी दर वेळी नवी फाईल. टोकन एजवरच (प्रेक्षकाजवळच्या कॅश सर्व्हरवरच) तपासा आणि कॅश-कीमधून (कॅश ज्यावरून फाईल ओळखते त्या नावातून) वगळा. तसंच नवा भाग प्रदर्शित होताच हजारो जण एकच तुकडा मागतात, तेव्हा ओरिजिनकडे एकच रिक्वेस्ट जाऊन बाकीच्या एजवर थांबतात का, हेही बघा.

एन्कोडिंगमधली एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात शिका: सगळ्या बिटरेटचे (एकाच व्हिडिओच्या कमी-जास्त दर्जाच्या आवृत्त्यांचे) कीफ्रेम, म्हणजे आधीच्या फ्रेमशिवाय दाखवता येणाऱ्या पूर्ण फ्रेम, एकाच वेळेवर पडले पाहिजेत. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत दर ५० फ्रेमला कीफ्रेम, आणि दृश्य बदललं की आपोआप पडणारे जादा कीफ्रेम बंद. नाहीतर प्लेअर बिटरेट बदलताना अडखळतो.

सरावासाठी एफएफएमपेगने (व्हिडिओ एन्कोड करणाऱ्या साधनाने) तीन बिटरेट बनवा, पुढे एनजिनेक्स या वेब सर्व्हरची कॅश लावा, नेटवर्क मुद्दाम मंद करा आणि ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये कुठला तुकडा कुठून आला ते बघा. मुलाखतीत मी याच टॅबमधला लॉग उघडायला सांगतो.