मृगाआधी मोटरला रंग द्या, अर्थिंगचा बोल्ट मात्र उघडा ठेवा

आखाजी मागे पडली. सालदार ठरले, शेणखत शेतात पडलं, कपाशीच्या बियाण्याची चौकशी सुरू झाली. मृग लागायला जेमतेम तीन आठवडे उरलेत. या दिवसांत आपण वखराच्या पाळ्या मोजतो, पण विहिरीवरची मोटर, स्टार्टरची पेटी, ठिबकचा फिल्टर यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. कारण ते सगळं चालू असतं.

खानदेशात हे चालू असणं फार फसवं आहे. आपला मे महिना ४५ अंशांचा आणि खडखडीत कोरडा. अशा हवेत लोखंड निवांत बसतं, मोटरमधलं कमजोर झालेलं वायंडिंगही (तांब्याच्या तारेचे वेढे) कसंबसं तग धरतं. हवेतला दमटपणा साधारण ६० टक्क्यांच्या वर गेला की गंजाला वेग येतो, आणि आपल्याकडे हा बदल हळूहळू होत नाही. चार-सहा सरी पडल्या की आठवडाभरात हवा पालटते. त्यातही रावेर-यावल-चोपड्याच्या केळीच्या बागांत तर ठिबक चालू, वर पानांचं छत, आत वारा नाही. बांधावरचं आणि बागेतलं हवामान एक नसतंच. बागेच्या कडेला टांगलेली स्टार्टरची पेटी नेहमी आधी सडते, ती याचमुळे.

आता मूळ मुद्दा. धातूवर बसणारा चांगला लेप, मग तो ऑइलपेंट असो, इपॉक्सी असो, पेटीवरची पावडर कोटिंग असो की मोटरमधल्या तांब्याच्या तारेवरचं इनॅमल असो, एकाच वेळी दोन कामं करतो. पाणी आणि हवा धातूपर्यंत पोचू देत नाही, आणि वीजही आरपार जाऊ देत नाही. गंज हा तसा विजेचाच खेळ आहे. ओल्या लोखंडाच्या एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे बारीकसा प्रवाह वाहतो आणि पहिली जागा खाल्ली जाते. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) करणाऱ्यांना हे डोळ्यांनी बघून माहीत आहे: मोरचूद जास्त आणि चुना कमी पडला असेल तर बुडवलेल्या विळ्यावर लालसर तांबं चढतं. लोखंड विरघळतं, तांबं त्याच्या जागी बसतं. (म्हणूनच ते मिश्रण लोखंडी पिंपात करत नाहीत.) लेप हा प्रवाह तोडतो. पण जिथे आपल्याला वीज वाहायला हवी असते, तिथेही तो तितक्याच इमानाने तोडतो. सगळ्या चुका इथेच होतात.

अर्थिंग आणि रंग

माझीच गोष्ट सांगतो. विहिरीवरच्या मोनोब्लॉकला (एकाच बॉडीतल्या मोटर-पंपाला) मी हौसेने दोन हात निळा रंग मारला. बॉडी, पाय, पंख्याचं झाकण, सगळं नव्यासारखं. अर्थिंगची तार (बॉडीवर आलेली वीज जमिनीत नेणारी) रंगाच्या वेळी सोडली होती, ती रंग वाळल्यावर त्याच जागी बोल्टने आवळली. जुलैत झिमझिम पावसात पुतण्याने मोटरवर हात ठेवला आणि झटका बसून मागे फेकला गेला. नशीब, पायात बूट होते. वायरमनने मीटर लावला तर तार आणि बॉडी यांच्यात संबंधच नव्हता. मध्ये माझा निळा रंग होता.

तेव्हा रंग देण्याआधी अर्थिंगचा बोल्ट आणि त्याच्या भोवतीची रुपयाएवढी जागा चिकटपट्टीने झाका. आधीच रंगलेली असेल तर तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत खरडा. तारेच्या टोकाचा लग धातूवर बसवा, वर दातेरी वॉशर टाका, नट कचकून आवळा, आणि मगच बाहेरून पेट्रोलियम जेली किंवा रंगाचा हात द्या. क्रम महत्त्वाचा आहे: आधी धातूला धातू, नंतर लेप. स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीलाही हाच नियम. नवीन पेटीवरची पावडर कोटिंग दिसायला देखणी, पण ती वीजरोधकच. पेटीचं दार बिजागरीवर असतं, बिजागरी रंगलेली असते. दाराला वेगळी हिरवी तार जोडून घ्या.

जमिनीखालचं अर्थिंगही याच आठवड्यात बघा. आपल्या काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि माती पाइपापासून सुटते. तार चांगली, बोल्ट चांगला, तरी प्रवाह जमिनीत उतरत नाही. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत राहा. कोळसा-मिठाचा जुना खड्डा असेल तर एकदा उकरून पाइप बघाच, कारण मीठ ओल धरतं तसं जस्त आणि लोखंडही खातं. सात-आठ वर्षांत पाइपाची चाळणी झालेली मी पाहिली आहे. बाजारात अर्थिंगची म्हणून जी पावडर मिळते त्यात बहुतेक बेंटोनाईट असते, म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती, आपल्या काळ्या मातीचीच चुलत बहीण. ती मिठापेक्षा बरी. आणि हो, जमिनीत जाणाऱ्या अर्थिंगच्या पाइपाला किंवा पट्टीला डांबर किंवा रंग लावू नका. पाण्याच्या पुरलेल्या लोखंडी पाइपाला डांबराचा लेप हवाच, अर्थिंगला नकोच.

मोटर भरताना व्हार्निश विचारा

मे-जूनमध्ये मोटर भरणाऱ्यांच्या, म्हणजे जळालेलं वायंडिंग काढून नवीन तार गुंडाळणाऱ्यांच्या दुकानात रांग असते. आपण दोनच गोष्टी विचारतो: किती घेणार आणि कधी देणार. तिसरी विचारली पाहिजे: व्हार्निश कसं करणार?

वायंडिंगच्या तांब्याच्या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. तो दोन वेढ्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवतो. पण मोटर चालू होताना वेढे थरथरतात, एकमेकांवर घासतात, आणि त्यांच्या फटीत दमट हवा शिरते. इन्सुलेटिंग व्हार्निश या फटी भरतं, वेढे एकजीव करतं, ओल अडवतं आणि आतली उष्णता बाहेर काढायलाही मदत करतं. त्यासाठी पद्धत आहे. भरलेला स्टेटर (मोटरचा वायंडिंग असलेला स्थिर भाग) आधी १०० अंशांच्या आसपास तापवायचा म्हणजे ओल निघून जाते. थोडा निवल्यावर तो व्हार्निशमध्ये बुडवायचा आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवायचा. मग निथळवून भट्टीत, व्हार्निशच्या जातीप्रमाणे १२० ते १३० अंशांवर काही तास भाजायचा. जमलं तर दुसऱ्यांदा बुडवून पुन्हा भाजायचा.

घाईच्या दिवसांत होतं काय, तर वरून ब्रशने व्हार्निश ओततात आणि मोटर दुकानापुढे उन्हात ठेवतात. ‘भाऊ, भुसावळचं ऊन आहे, भट्टी कशाला?’ असं मला एकाने हसत ऐकवलं. ऊन ४५ अंशांचं, पत्रा तापून ६०-६५. ते १२० नव्हे. वरचा थर सुकतो, आत ओलं राहतं, आणि आत अडकलेलं थिनर तारेवरचं इनॅमल मऊ करतं. घरी आणलेल्या मोटरला थिनरचा उग्र वास येत असेल तर समजून घ्या. हवेत वाळणारं व्हार्निशही मिळतं, पण ते वरवरच्या डागडुजीपुरतं, त्यावर नवीन वायंडिंग सोडू नये.

बोअरच्या सबमर्सिबलचं वेगळं. पाणी भरलेल्या मोटरमध्ये व्हार्निशचा उपयोग नाही. तिथे प्लॅस्टिकचं जाड आवरण असलेली वायंडिंग तार वापरतात. ती भरताना आवरणाला एक ओरखडा पडला तरी पाणी आत जातं. तेव्हा तिथे प्रश्न विचारायचा तो तारेच्या दर्जाचा आणि केबलच्या जोडाचा. जोडावर नुसती काळी पीव्हीसी टेप कधीच नको, आपल्या उन्हात तिचा गोंद वितळून चिकटा होतो आणि पट्टी सुटते. आधी आपोआप एकजीव होणारी रबर टेप ताणून गुंडाळायची, वर पीव्हीसी, किंवा सरळ रेझिन ओतायचा जोड-किट घ्यायचा.

मोटर ताब्यात घेताना मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून दाखवा म्हणावं. ५०० व्होल्टचा मेगर, वायंडिंग आणि बॉडीच्या मध्ये. १ मेगओहमच्या खाली असेल तर मोटर चालवायची नाही. नुकती भरलेली, नीट भाजलेली मोटर कित्येक पट जास्त दाखवते. आकडा लिहून ठेवा, पुढच्या वर्षी कामाला येतो.

इन्सुलेशनचं वय तापमानावर ठरतं. जुना हिशेब असा की ठरलेल्या मर्यादेच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं. एफ वर्गाचं इन्सुलेशन १५५ अंशांपर्यंतचं, बी वर्गाचं १३० पर्यंतचं. कमी व्होल्टेजवर रात्रभर ऑटोवर (वीज आली की आपोआप सुरू होईल अशी) टाकलेली मोटर ही मर्यादा किती सहज ओलांडते ते सांगायला नको. दर दोन वर्षांनी मोटर भरावी लागत असेल तर दोष दुकानदाराचाच असेल असं नाही, हेही कबूल केलं पाहिजे.

रंग कधी, कसा

भर दुपारी नको. तापलेल्या पत्र्यावर थिनर लगेच उडून जातं, रंग पसरायच्या आत कोरडा पडतो, त्याला फोड येतात. सकाळी सहा ते नऊ किंवा ऊन उतरल्यावर. पावसाळ्यात याच्या उलट: सकाळी दव असतं, तेव्हा धातू कोरडा झाल्याशिवाय ब्रश लावू नका.

तयारी हेच खरं काम. सुटा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढायचा, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि फुगून वरचा रंग उचलतो. पुसायला डिझेल वापरू नका. आपल्याकडे ही सवय घरोघरी आहे, पण डिझेलचा तेलकट थर राहतो आणि रंग सालीसारखा निघतो. थिनरने पुसा. रंगात पेट्रोल मिसळून तो वाढवण्याचा उद्योगही सोडा.

मग रेड ऑक्साईड प्रायमरचे दोन हात आणि इनॅमलचे दोन. एका हाताने वाळल्यावर २५-३० मायक्रॉन थर बसतो, केसाहूनही पातळ, म्हणून एक हात पुरत नाही. रेड ऑक्साईड म्हणजे आपल्या गेरूचंच कूळ, लोहाचा ऑक्साईड. झिंक फॉस्फेट प्रायमर मिळालं तर ते गंज रोखायला त्याहून सरस. पूर्वी लोखंडी कामावर खरा शेंदूर, म्हणजे शिशाचा ऑक्साईड लावत. काम चोख, पण शिसं विषारी. जुन्या टाकीवरचा किंवा पुलीवरचा असा केशरी थर दिसला तर तो कोरडा घासू नका, ओला करून काढा, लेकरांना लांब ठेवा.

ठिबकचा फिल्टर आणि पोटॅश

सँड फिल्टरमधली वाळू बदलाल तेव्हा रिकाम्या टाकीत बॅटरी मारून आतला लेप बघा. मोठा टवका उडालेला दिसतो, धोका टाचणीएवढ्या छिद्राचा असतो. सगळीकडे लेप शाबूत आणि एकाच ठिकाणी लोखंड उघडं, म्हणजे खाण्याचं सगळं काम त्या एका टिंबावर एकवटतं आणि टाकी तिथेच आरपार फुटते. अशी जागा खरडून, धुऊन, पूर्ण कोरडी करून दोन भागांचं इपॉक्सी लावा. मेच्या उष्णतेत मिसळलेलं इपॉक्सी डब्यातच लवकर घट्ट होतं, तेव्हा थोडंथोडं कालवा. बाहेरच्या बाजूला नुसतं इपॉक्सी सोडू नका, उन्हाने त्याची पावडर होते. वरून पॉलियुरेथेनचा हात हवा.

केळीला आपण पांढरा पोटॅश सढळ हाताने देतो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये वजनाच्या जवळपास निम्मा क्लोराईड असतो, ५० किलोच्या गोणीत २३ किलोच्या आसपास. क्लोराईड लोखंडाला तर खातोच, साध्या स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडतो. म्हणून खत सोडून झाल्यावर १०-१५ मिनिटं साधं पाणी चालवा, आणि खताची गोणी मोटरच्या खोलीत ठेवू नका. ठिबकच्या नळ्यांतला क्षार काढायला ॲसिड ट्रीटमेंट करताना पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, आणि डबा स्टार्टरच्या पेटीजवळ उघडायचा नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वाफेने आतली तांब्याची टर्मिनलं हिरवी पडतात.

सौर पंपाच्या सांगाड्यावरचं जस्त वेल्डिंग केलं की जळतं. शक्यतो वेल्डिंग टाळा, केलंच तर तिथे झिंकचा स्प्रे किंवा जस्तयुक्त रंग द्या. सौर पॅनेल उन्हात असेपर्यंत तारा जिवंत असतात, हे रंग देणाऱ्या मजुराला आधी सांगा.

स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टला रंग, ग्रीस, तेल, काहीही लावू नका. मुंग्या होतात, पाली शिरतात, तेव्हा पेटीची भोकं बंद करा आणि केबल ग्लँडमधून आत घ्या. ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर आणि मोटरची तांब्याची केबल सरळ पिळून जोडलेली असेल तर तिथे पांढरी भुकटी दिसेल. दोन धातूंचा लग वापरून तो जोड नव्याने करून घ्या. हे सगळं मेन स्विच पाडून, वायरमनकडून. डीपीला (ट्रान्सफॉर्मरला) मात्र हात लावायचा नाही, ते काम लाईनमनचं.

तापी, गिरणा, पांझरेच्या काठावर ज्यांच्या मोटरी आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: पूर उतरल्यावर बुडालेली मोनोब्लॉक ‘चालते का बघू’ म्हणून बटण दाबायचं नाही. उघडून, गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन, सावकाश तापवून वाळवायची, मेगर लावायचा, आकडा पटला तर व्हार्निशचा हात देऊन पुन्हा भाजायची. दोन दिवस जातात, पण नवीन तांब्याचा खर्च वाचतो.