वीज गेली तरी मजकूर राहावा म्हणून

डेस्कटॉपवर टाइप करताना लाइट गेली की पोटात गोळा येतो. वर्डमध्ये मजकुराची तात्पुरती प्रत आपोआप ठेवणारं 'ऑटोरिकव्हर' मुळात दर 10 मिनिटांनी चालतं, आणि 10 मिनिटांत अर्धं पान सहज होतं. म्हणून आधी फाइल, ऑप्शन्स, मग सेव्ह इथे जाऊन तो आकडा 2 करा. तिथेच खाली, सेव्ह न करता फाइल बंद केली तर शेवटची प्रत ठेवण्याची एक चौकट असते. तिच्यावर टिक आहे ना, बघून घ्या. घाईत 'डोन्ट सेव्ह' दाबणारे आपणच असतो!

तसं झालंच तर फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंटमध्ये 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' आहे. सापडलेली प्रत लगेच नाव देऊन सेव्ह करा, कारण ती तात्पुरतीच असते.

'ऑटोसेव्ह' मात्र वेगळं, ते बदल थेट मूळ फाइलमध्येच आपोआप सेव्ह करतं. वरच्या कोपऱ्यातलं ते बटण फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात असली तरच चालतं. त्यात एक खोच आहे: जुना अर्ज उघडून त्यातच नवा लिहायला घेतलात तर जुन्यावर बोळा फिरतो. आधी 'सेव्ह अ कॉपी' करा. फिरलाच, तर व्हर्जन हिस्टरीत जुनी प्रत शोधा.

वर्डऐवजी लिबरऑफिस वापरणाऱ्यांनी ऑटोरिकव्हरीच्या मिनिटांचा आकडा टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे बघावं.